डॉ. लूसी विल्स

रोग बरा करणें हें जसें पुण्यकर्म आहे, तसेंच एकसारख्या दिसणाऱ्या दोन रोगांतील भेद ओळखणें हेंहि आहे. भेद न ओळखतां दिलेलें औषध कितीहि उत्तम असलें, तरी तें रोग्यास तारीत नाहीं. ही गोष्ट ज्या विदुषीनें मुंबई शहरांत राहून जगास दाखवून दिली, त्या डॉ. लूसी विल्स यांचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सादर करीत आहों.

विल्सबाईंचा जन्म ता. १० मे १८८८ रोजीं इंग्लंडांतील बर्मिंगहॅम शहराजवळ सटन कोल्डफील्ड येथें झाला. चेल्टनहॅम येथील मुलींच्या प्रसिद्ध विद्यालयांत शिकून त्या केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजांत गेल्या, व १९११ सालीं वनस्पतिशास्त्र आणि भूस्तरशास्त्र या विषयांची परीक्षा त्यांनीं दिली. त्या काळीं केंब्रिज विद्यापीठ स्त्रियांस परीक्षेस बसूं देई, परंतु पदवी देत नसे! त्याच वर्षीं त्यांचे वडील वारले, आणि १९१३ सालीं बहीणहि गेली. पुढें त्या दक्षिण आफ्रिकेंत असतां महायुद्ध सुरू झालें. केपटाउन येथें त्यांनीं रुग्णशुश्रूषेचें काम पत्करलें. तेथून परतल्यावर १९१५ सालीं लंडन येथील स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयांत त्यांनीं नांव घातलें. १९२० सालीं त्या डॉक्टर झाल्या, तेव्हां त्यांचें वय बत्तीस वर्षांचें होतें. स्वतःचा दवाखाना थाटण्याऐवजीं त्यांनीं रॉयल फ्री रुग्णालयाच्या प्रयोगशाळेंत काम स्वीकारलें.

इ. स. १९२८ मध्यें त्यांच्या आयुष्यास निराळें वळण लागलें. हिंदुस्थानांत बाळंतपणांत स्त्रिया इतक्या कां मरतात, याची चौकशी डॉ. मार्गारेट बाल्फर यांनीं हातीं घेतली होती. त्यांच्या निमंत्रणावरून विल्सबाई मुंबईस परळ येथील हाफकिन संस्थेंत आल्या. जवळच गिरण्यांची वस्ती. तेथील गरोदर स्त्रियांस एक भयंकर पंडुरोग होत असे. चेहरा फिका पडे, धाप लागे, आणि पुष्कळ वेळां माता व बालक दोघेंहि दगावत. सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतां रक्तांतील तांबड्या पेशी संख्येनें थोड्या, पण आकारानें नेहमींपेक्षां मोठ्या दिसत.

अशाच मोठ्या पेशी आणखी एका रोगांत दिसत. त्याचें वर्णन लंडनचे डॉ. ॲडिसन यांनीं १८४९ सालीं केलें होतें, व त्यास घातक पंडुरोग असें नांव पडलें होतें. १९२६ सालीं अमेरिकेंत मिनो व मर्फी यांनीं या रोगावर यकृत खावयास देण्याचा उपाय शोधून काढला. घातक पंडुरोगाचें खरें कारण पुढें १९६० च्या सुमारास उमगलें. आपल्या शरीराची रोगप्रतिकारशक्ति परक्या जंतूंशीं लढण्यासाठीं असते. परंतु या रोगांत ती भ्रमिष्ट पहारेकऱ्याप्रमाणें घरच्याच माणसांवर शस्त्र उगारते, व जठराच्या अस्तरावर हल्ला करते. त्यामुळें ब-१२ हें जीवनसत्त्व अन्नांत असूनहि अंगीं लागत नाहीं. म्हणजे हा स्वप्रतिकारक रोगांपैकीं एक होय.

मुंबईच्या मातांचा रोग हाच कीं दुसरा? बाईंनीं तर्कावर विसंबून न राहतां रोगीच नीट पाहिले. रोग संसर्गजन्य तर नाहीं ना, याचा त्यांनीं प्रथम शोध घेतला. मग निरनिराळ्या धर्मांच्या व स्थितींच्या स्त्रिया रोज काय खातात याची त्यांनीं टिपणें केलीं. तेव्हां असें दिसलें, कीं रोग गरिबीच्या व अपुऱ्या आहाराच्या पाठोपाठ चालतो. ज्यांच्या ताटांत भाजीपाला व फळें क्वचित् येतात, त्यांनाच तो अधिक गांठतो. अशाच निकस अन्नावर उंदीर व माकडें ठेवून त्यांनीं प्रयोग केले. उंदरांच्या प्रयोगांत विघ्नें आलीं. त्यांच्या अंगावरील उवांमुळें पसरणारा एक जंतु निष्कर्षांत गोंधळ माजवी. तरी बाई खचल्या नाहींत. शेवटीं एका आजारी माकडास त्यांनीं यीस्टपासून बनविलेला मार्माइट नांवाचा स्वस्त पदार्थ दिला, आणि तें माकड झपाट्यानें सुधारलें! मग तोच पदार्थ रुग्ण स्त्रियांस दिला, तोंच त्यांच्या रक्तांतहि नव्या पेशी दिसूं लागल्या. १९३१ सालीं हा शोध त्यांनीं प्रसिद्ध केला. पुढें असेंहि सिद्ध झालें, कीं जो शुद्ध केलेला यकृताचा अर्क घातक पंडुरोगास बरा करतो, तो या मातांस गुण देत नाहीं. अर्थात् दोन रोग वेगळे ठरले.

या अज्ञात द्रव्यास शास्त्रज्ञ विल्स घटक म्हणूं लागले. १९४१ सालीं तें पालकाच्या पानांतून वेगळें काढण्यांत आलें व त्यास फॉलिक आम्ल हें नांव मिळालें. १९४५ च्या सुमारास अमेरिकेंत आपले देशबंधु डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखालीं तें कृत्रिम रीतीनें तयार झालें. याच द्रव्यास विरोध करणारें मेथोट्रेक्सेट हें औषध पुढें तेथेंच निघालें, आणि आज संधिवाताच्या एका स्वप्रतिकारक प्रकारांत तें अल्प मात्रेंत देतात. त्याचा त्रास कमी व्हावा म्हणून जोडीला फॉलिक आम्लाचीच गोळी देतात, हा केवढा योगायोग!

विल्सबाई पुढें लंडनला परतल्या व १९४७ सालीं निवृत्त झाल्या. त्यांनीं लग्न केलें नाहीं. त्या कामावर सायकलनें जात. उतारवयांत चेल्सी येथील नगरसभेंत त्यांनीं लोकसेवा केली. ता. १६ एप्रिल १९६४ रोजीं त्यांचें देहावसान झालें.

विद्यार्थिमित्रहो, दसरा-दिवाळी झाली कीं आपल्या बीड जिल्ह्यांतील किती तरी कुटुंबें कोयता घेऊन ऊसतोडीस निघतात. त्यांत गरोदर माताहि असतात. आरोग्यकेंद्रांत त्यांस लोहाबरोबर फॉलिक आम्लाची जी गोळी मिळते, तिच्या मागें परळच्या त्या प्रयोगशाळेंतील श्रम आहेत. ती गोळी घरांत कोणी उगाच टाकून देत असेल, तर तिची ही कथा त्यांस सांगा. आणि मेथी, चाकवत, पालक, हरभरा हीं ताटांत येतील असें पाहा. गरीब स्त्रीच्या ताटांत काय आहे व काय नाहीं, हें पाहण्यास जी विदुषी सात समुद्र ओलांडून आली, तिचें स्मरण करण्याचा याहून चांगला मार्ग आम्हांस दिसत नाहीं.