स्टीव्हन्सन आणि ॲपिनचे मौन

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचा जन्म १३ नोव्हेंबर १८५० रोजी एडिंबरो येथे झाला. घराणे दीपगृहे उभारणाऱ्या अभियंत्यांचे. मुलगा मात्र लहानपणापासून छातीच्या विकाराने जर्जर. आजारपणाच्या रात्री दाई ॲलिसन कनिंगहॅम त्याला धर्मासाठी छळ सोसलेल्या स्कॉटिश हुतात्म्यांच्या कथा सांगे. १८७५ मध्ये तो वकील झाला, पण वकिलीत रमला नाही. १८८० मध्ये फॅनी ऑसबोर्नशी विवाह करून परतल्यावर त्याने हायलंड्सचा इतिहास लिहिण्याचे योजिले. १८८१ मध्ये एडिंबरो विद्यापीठातील इतिहासाच्या अध्यासनासाठी त्याने अर्ज केला; निवड झाली नाही. इतिहासग्रंथही झाला नाही. त्या व्यासंगातून बोर्नमथच्या वास्तव्यात ‘किडनॅप्ड’ ही कादंबरी उतरली आणि १८८६ मध्ये ‘यंग फोक्स’ या मुलांच्या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली.

तिच्या केंद्रस्थानी एक खरा खून आहे. १७४६ च्या कलोडनच्या पराभवानंतर बंडखोर स्ट्यूअर्टांच्या जमिनी सरकारजमा झाल्या. त्यांचा सरकारी व्यवस्थापक कॉलिन कॅम्बेल १४ मे १७५२ रोजी ॲपिनजवळच्या रानात गोळी लागून ठार झाला. संशयित ॲलन ब्रेक निसटला. जेम्स स्ट्यूअर्टला साथीदार ठरवून फाशी देण्यात आले. पंधरा पंचांपैकी अकरा कॅम्बेल कुळातले होते. मारेकरी कोण, हे सिद्ध झाले नाही.

स्टीव्हन्सनने प्रसंग १७५१ मध्ये नेला आणि डेव्हिड बॅल्फर या सखल प्रदेशातील किशोराला त्याचा साक्षीदार केले. डेव्हिडचा संशय प्रथम ॲलनवरच जातो. ॲलन स्वतःचे निरपराधित्व सांगतो, पण खऱ्या मारेकऱ्याचे नाव घेत नाही. डोंगरातील दरिद्री कुळेही फितूर होत नाहीत. रहस्य उलगडत नाही, हा रचनेचा दोष नव्हे. खटल्याच्या कागदांत राज्यसत्तेचा आवाज उरतो. बोलण्याचे नाकारणाऱ्या समाजाची नोंद तेथे होत नाही. ती बालवाचकांसाठी लिहिलेल्या कथेत झाली. तिलाही मर्यादा आहे: डेव्हिडला गेलिक येत नाही, त्यामुळे त्या लोकांचे मन आपल्यापर्यंत परभाषेतूनच पोहोचते. बहुभाषिक देशातील अभ्यासकाला ही अडचण अपरिचित नाही.

१८९३ च्या ‘कॅट्रियोना’त डेव्हिड जेम्ससाठी साक्ष देऊ पाहतो, सत्ताधारी ती होऊ देत नाहीत. तोवर स्टीव्हन्सन सामोआत स्थायिक झाला होता आणि परकीय सत्तांच्या तेथील कारभारावर टीका करीत होता. ३ डिसेंबर १८९४ रोजी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, त्याचे निधन झाले. सामोअन लोकांनी रान तोडून वाट केली आणि वाएआ डोंगरावर त्याचे दफन झाले.