वीरधवलकार नाथमाधव



स्मरणिकेत थोरांची चरित्रे छापण्याचा प्रघात जुना आहे. ती बहुधा समाजसुधारकांची, शास्त्रज्ञांची किंवा देशासाठी झिजलेल्या पुरुषांची असतात. आज ज्या गृहस्थांची ओळख मी तुम्हांला करून देणार आहे, त्यांनी शाळा काढली नाही, चळवळ उभारली नाही, कसला शोधही लावला नाही. त्यांनी गोष्टी लिहिल्या; आणि त्यांतली जी सर्वांत गाजली ती तर कधी न घडलेली, राजपुत्रांची, कारस्थानांची आणि अद्भुत प्रसंगांची गोष्ट. अशा लेखकाला शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत जागा कशासाठी, असे कोणी विचारील. लेख वाचून आपणच ते ठरवावे.

त्यांचे नाव द्वारकानाथ माधवराव पितळे. स्वतःच्या नावातला ‘नाथ’ आणि वडिलांचा ‘माधव’ जोडून त्यांनी ‘नाथमाधव’ हे टोपणनाव घेतले, आणि पुढे मूळ नाव लोक विसरूनच गेले. जन्म ३ एप्रिल १८८२ चा. कॉलेजची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. मुंबईत कुलाब्याला तोफखान्यात ते नोकरीस होते आणि शिकारीचा शौक होता. त्या काळी तरण्याताठ्या, धडधाकट माणसाला शोभेलसा तो शौक. लेखणीशी त्यांचा संबंध येईल असे त्यांच्या सोबत्यांना तेव्हा कोणी सांगितले असते तर त्यांनी हसण्यावारी नेले असते.

१९०५ साली ते शिकारीसाठी सिंहगडावर गेले. गड तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. निरवांगी, इंदापूर, बारामतीच्या शाळांच्या सहली तिकडे जातातच. तानाजी मालुसऱ्यांची समाधी पाहून झाली की मुले कड्याच्या टोकाला जाऊन खाली वाकून पाहतात आणि गुरुजी ओरडतात. त्याच गडाच्या कड्यावरून नाथमाधव खाली कोसळले. जीव वाचला, पण कमरेखालचे शरीर कायमचे लुळे झाले. वय होते तेवीस.

येथे क्षणभर थांबावे अशी माझी विनंती आहे, कारण पायांतले बळ जाणे याचा अर्थ त्या दिवसांत काय होता हे आजच्या मुलांना कळणे अवघड आहे. १९०५ साली पेनिसिलिन नव्हते. त्याचा शोध १९२८ साली लागला आणि रुग्णांपर्यंत ते पोचायला १९४० नंतरची वर्षे उजाडली. अशा रुग्णाला पाठीला जखमा होत, लघवीच्या मार्गात पू होई, आणि बहुतेक जण थोड्याच काळात दगावत. जो वाचे तो घरच्यांवर ओझे म्हणून जगे. सरकारी सवलत नाही, राखीव जागा नाही, तीनचाकी सायकल नाही. आता त्यांच्या आयुष्याचा हिशेब मांडून पाहा. जन्म १८८२ चा, अपघात १९०५ चा, मृत्यू १९२८ चा. पहिली तेवीस वर्षे आपल्या पायांवर, आणि पुढची तेवीस अंथरुणावर. आपण ज्यांना नाथमाधव म्हणून ओळखतो ते सर्वस्वी या दुसऱ्या तेवीस वर्षांतले आहेत.

अंथरुणाला खिळल्यावर वेळ घालवायला त्यांनी पुस्तके हाती धरली. वाचन वाढत गेले, आणि वाचतावाचता आपणही लिहावे असे मनाने घेतले. अपघातानंतर अवघ्या तीन वर्षांत, १९०८ साली, ‘प्रेमवेडा’ ही त्यांची पहिली कादंबरी बाहेर आली. पाठोपाठ ‘सावळ्या तांडेल’ आली. मग १९१३ साली ‘वीरधवल’. या एका पुस्तकाने त्यांचे नाव घरोघर पोचविले.

अद्भुत गोष्टी मराठीत आधीही होत्याच. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. त्याच १८६१ च्या सुमारास कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘अलिफ लैला’च्या गोष्टी इंग्रजीवरून मराठीत आणायला घेतल्या, आणि अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी म्हणून त्या महाराष्ट्रभर गेल्या. हातिमताई आणि गुलबकावलीही मराठी वाचकाला परक्या राहिल्या नाहीत. म्हणजे पाहा, आपल्या घरांतून आजी-नानी ज्या कहाण्या दखनीतून सांगत आल्या, त्याच शेजारच्या वाड्यात मराठीतून वाचल्या जात होत्या. तिकडे लखनौला नवलकिशोर छापखान्यातून १८८३ पासून ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ या उर्दू दास्तानीचे जाडजूड भाग निघू लागले होते. देवकीनंदन खत्री यांनी त्याच दास्तानींतला तिलिस्म आणि ऐयार उचलून १८८८ साली हिंदीत ‘चंद्रकांता’ लिहिली, आणि ती वाचता यावी म्हणून कित्येकांनी हिंदी लिपी शिकून घेतली अशी ख्याती आहे. गोष्टीला धर्म नसतो आणि भाषेची वेस तिला अडवीत नाही.

मात्र नाथमाधवांच्या वेळेपर्यंत मराठी कादंबरी बदलली होती. हरि नारायण आपटे यांनी तिला घरातल्या माणसांच्या खऱ्या सुखदुःखाकडे वळविले होते, आणि अद्भुत गोष्ट म्हणजे मागल्या पिढीचा माल असे जाणते लोक म्हणू लागले होते. अशा वेळी ‘वीरधवल’ आली आणि वाचकांनी ती उचलून धरली. माझ्या मते त्याचे कारण साधे आहे. पुढे काय झाले, हा प्रश्न नाथमाधव वाचकाच्या मनातून एक पानभरही जाऊ देत नाहीत. प्रकरण अशा ठिकाणी तोडतात की दिवा मालवायचे धैर्य होत नाही. आणि जो माणूस स्वतः कुशीवर वळायलाही दुसऱ्याची वाट पाहत असेल, त्याच्या कथेतली माणसे सतत धावतात, झुंजतात, निसटतात. त्यामागचे दुःख त्यांनी वाचकाला कधी दाखविले नाही.

येथे माझी स्वतःची एक आठवण सांगण्याची परवानगी द्यावी. मी आठवीत होतो. गावात वीज होती, पण आमच्या घरी नव्हती, कंदील असे. शाळेच्या कपाटातून ‘वीरधवल’ची एक प्रत माझ्या हाती लागली. अब्बांना गोष्टीची पुस्तके मुळीच खपत नसत. खोटे ते खोटे, त्यात वेळ घालविणाऱ्याचा अभ्यास बुडायचाच, असे त्यांचे मत. त्यांना मराठी बोलता येई, वाचता येत नसे. कुराणशरीफचे नाजरा वाचन आणि जेमतेम उर्दू एवढीच त्यांची तालीम. एका रात्री इशाच्या नमाजनंतर मी चोरून वाचताना सापडलो. वाचतोस तरी काय, ते मोठ्याने वाचून दाखव, असा हुकूम झाला. मी भीतभीत वाचू लागलो. प्रकरण संपले. अब्बा काही बोलले नाहीत. दुसऱ्या रात्री जेवणे झाल्यावर त्यांनीच कंदिलाची काच पुसून माझ्यापुढे ठेवली. पुढे कित्येक रात्री हा क्रम चालला. शेजारचे दोघेतिघे येऊन बसू लागले. त्या जड, संस्कृत वळणाच्या मराठीतले शब्द अडले की मी दुसऱ्या दिवशी गुरुजींना विचारी आणि रात्री अब्बांना दखनीतून समजावी. माझे मराठी सुधारले ते असे. त्या वर्षी मला शाळेतून काढून गॅरेजला लावण्याचा विषय घरात निघाला होता, तो पुन्हा निघाला नाही. तो वीरधवलमुळे थांबला की अम्मीच्या हट्टामुळे, हे मला आजही सांगता येणार नाही.

‘वीरधवल’नंतर नाथमाधवांनी त्याच साच्याची पुस्तके काढून पैसा केला असता तर कोणी नाव ठेवले नसते. पण ते सामाजिक कादंबरीकडे वळले. ‘रायक्लब’, ‘देशमुखवाडी’, ‘विहंगवृंद’, तीन भागांतली ‘डॉक्टर’, ही त्या वळणाची. स्त्रियांचे शिक्षण, विधवांची दशा असे त्या काळी घराघरांत धुमसणारे प्रश्न त्यांनी गोष्टीच्या ओघात मांडले. व्याख्यानाला न जाणारा, वर्तमानपत्र न वाचणारा मनुष्य आणि माजघरातली बाईही कादंबरी वाचते, हे त्यांनी नेमके हेरले होते. आज आपल्या मुली निरवांगीहून एस.टी.ने इंदापूर-बारामतीच्या कॉलेजला जातात. त्यांना यात विशेष वाटणार नाही. शंभर वर्षांपूर्वी वाटत होते.

१९२१ साली ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’ आली आणि शिवकालावरची त्यांची मोठी मालिका सुरू झाली: स्वराज्याची स्थापना, कारभार, संकट, दुफळी, असे एकेक भाग. ज्या गडाने पाय नेले, त्या गडांच्या इतिहासाकडे हा लेखक परत गेला. या मालिकेबद्दल आपल्या मुलांना एक गोष्ट अवश्य सांगावी. ऐतिहासिक कादंबरी म्हणजे इतिहास नव्हे. कादंबरीला नायक लागतो आणि खलनायकही लागतो, आणि पुष्कळदा लेखक सोयीने एका बाजूला सारा उजेड व दुसऱ्या बाजूला सारा अंधार टाकतो. आपला मुलगा असे पान वाचून गप्प होऊन बसला, तर पुस्तक काढून घेऊ नये. त्याला सांगावे की शिवाजी महाराजांच्या पायदळाचे पहिले सरनोबत नूरखान बेग होते, आरमारात दौलतखान होते, पत्रव्यवहार पाहायला काझी हैदर होते. ही नावे इतिहासाच्या ग्रंथांत आहेत. तीही त्याने शोधून वाचावीत. एका पुस्तकाने दुसऱ्याकडे पाठवावे, याहून पुस्तकाकडून जास्त काय मागायचे?

नाथमाधवांना समीक्षकांनी फारसा मोठा मान दिला नाही, आणि खरे बोलायचे तर त्यात सगळाच अन्याय नाही. त्यांची माणसे एक तर फार चांगली किंवा फार वाईट असतात, योगायोग जिथे हवा तिथे हजर होतो, वर्णने लांबतात. हे दोष मलाही आज दिसतात. आठवीत दिसले नव्हते. पण सामान्य माणसाला जाड पुस्तक शेवटपर्यंत वाचायला लावणे हेही एक काम आहे, आणि आपल्याकडे ते करणारे थोडेच झाले.

परदेशातही असा एक दाखला सापडतो. टोल्किन नावाचे इंग्रज लेखक १९१६ साली पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या सोमच्या लढाईतून तापाने आजारी पडून मायदेशी परतले, आणि त्या आजारपणात त्यांनी आपल्या काल्पनिक जगाच्या कथा लिहायला घेतल्या. त्यांची ‘हॉबिट’ १९३७ साली आणि ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ साली निघाली. आज त्यांवरचे सिनेमे आपली मुले मोबाइलवर पाहतात. ‘वीरधवल’ त्या ‘हॉबिट’च्या चोवीस वर्षे आधीची. दोघांची तुलना करण्याचा माझा इरादा नाही. टोल्किन मोठे विद्वान प्राध्यापक, आमचे नाथमाधव तोफखान्यातले नोकर. पण खाटेवर पडलेल्या माणसाच्या मनात जग उभे राहू शकते, एवढे मात्र दोघांकडूनही कळते.

२१ जून १९२८ रोजी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, नाथमाधव वारले. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांनी पुस्तकावरचा हक्क संपे. त्यामुळे १९७८ साल सरल्यावर त्यांची पुस्तके छापायला कोणालाही मोकळीक झाली, आणि प्रकाशकांनी ती छापली. न खपणारे पुस्तक कोणी फुकटचेही छापीत नाही. ‘वीरधवल’ आजही दुकानांत मिळते, नव्या मुखपृष्ठासह.

आपल्या संस्थेच्या कपाटातही तिची एक प्रत आहे. पुठ्ठा सुटला आहे, सुरुवातीची पाने फाटली आहेत, आणि मागच्या तारखांच्या चिठ्ठीवर शिक्के मारायला जागा उरलेली नाही. नवी प्रत मागविली आहे. तोवर ज्याला हवी त्याने जुनीच न्यावी. दुसऱ्या प्रकरणापासून वाचले तरी चालते.