डॉ. भाऊ दाजी लाड

डोळे मिटून बाकावर हात ठेवा. बाक गार आहे की तापलेला, गुळगुळीत आहे की खरखरीत, हे तुम्हांला न पाहताच कळते. हे काम त्वचेचे. उर्दूत तुम्ही तिला जिल्द म्हणता. तिचा वरचा पातळ थर सतत झिजतो आणि खालून नवा तयार होतो. त्याखालच्या जाड थरात रक्तवाहिन्या, घामाच्या ग्रंथी आणि मज्जातंतूंची टोके असतात. चटका बसला की हे तंतूच मेंदूला खबर देतात.

कुष्ठरोगात, म्हणजे जुजाममध्ये, हेच तंतू निकामी होतात. अंगावर बधिर चट्टा उठतो. तिथे भाजले तरी रोग्याला समजत नाही. जखमा चिघळतात, बोटे वाकडी होतात. दीडशे वर्षांपूर्वी अशा माणसाला घरचे लोकही बाहेर काढत. त्याच्यासाठी औषध शोधणारे एक डॉक्टर मुंबईत होते. त्यांचे नाव भाऊ दाजी.

त्यांचे खरे नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. जन्म गोव्यातील मांद्रे गावचा. घरची गरिबी होती. पण बुद्धिबळात हा मुलगा भल्याभल्यांना हरवी! ते पाहून एका इंग्रज गृहस्थाने वडिलांकडे आग्रह धरला, की मुलाला इंग्रजी शिकवावे. भाऊ मुंबईत एल्फिन्स्टन विद्यालयात शिकले. १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले. त्याच्या पहिल्या तुकडीतून १८५१ साली ते डॉक्टर झाले. गरिबांना ते फुकट औषध देत. मुलींच्या शिक्षणासाठीही ते झटले. १८६९ व १८७१ साली ते मुंबईचे शेरीफ होते.

भाऊंना संस्कृत उत्तम येई. सुश्रुताच्या जुन्या ग्रंथात तुवरक नावाच्या झाडाचे तेल कुष्ठरोगावर सांगितले आहे. सह्याद्रीच्या जंगलांत वाढणारे कडू कवठ ते हेच. त्याच्या बियांचे तेल भाऊ रोग्यांना देऊ लागले. काहींना गुण आला.

पण औषध कोणते, हे त्यांनी गुप्त ठेवले! इतर डॉक्टर नाराज झाले. औषध सर्वांना माहीत नसेल, तर त्याची पारख कोण करणार? हा आक्षेप मला योग्य वाटतो. अभ्यास पुरा होण्यापूर्वीच, ३१ मे १८७४ रोजी, भाऊ वारले. त्याआधी एकच वर्ष, १८७३ साली, नॉर्वेत डॉ. हॅन्सन यांना या रोगाचे जंतू सापडले होते.

भाऊंचे गुपित पुढे उघड झाले. या जातीच्या झाडांचे तेल १९४० च्या सुमारापर्यंत जगभर वापरले जाई. मग अधिक गुणकारी औषधे आली. आता सहा महिने ते वर्षभर गोळ्या घेतल्या की रोग बरा होतो.

नागोठण्याहून कधी मुंबईला गेलात, तर भायखळ्याला राणीच्या बागेत जा. तिथल्या वस्तुसंग्रहालयासाठी भाऊंनी पुष्कळ खटपट केली होती. १९७५ साली त्याला भाऊंचे नाव देण्यात आले.