शिळेवरील अक्षरांचे सेवक : डॉ. भाऊ दाजी लाड

पंढरीला गेलेल्या वारकऱ्याला चौऱ्याऐंशीची शिळा ठाऊक नाही, असे व्हायचे नाही. तिला पाठ घासली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, या श्रद्धेने पिढ्यान्‌पिढ्या भाविकांनी तिला पाठ लावली. पण त्या शिळेवर काय कोरले आहे, हे कितीजणांनी विचारले? तो शके ११९५ ते ११९९ या काळातला लेख आहे. देवाला कोणी काय दिले, त्याची ती नोंद. श्रीज्ञानोबारायांचा जन्म परंपरेने शके ११९७ चा सांगतात, म्हणजे नेमका तोच काळ. देवगिरीच्या रामदेवरावाला त्या लेखात पंढरीच्या फडाचा प्रमुख म्हटले आहे. आपल्या तोंडी रोज असलेला 'फड' हा शब्द किती जुना, याची साक्ष देवाच्या दारातच उभी आहे. आणि आपल्याच पाठींनी तिची अक्षरे झिजली आहेत!

अशी अक्षरे जपली पाहिजेत, ती नीट वाचली पाहिजेत, हा ध्यास ज्या थोड्या पुरुषांनी आपल्या देशात प्रथम घेतला, त्यांत डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगतो.

भाऊंचे खरे नाव रामकृष्ण, आणि वडिलांचे नाव विठ्ठल. घरातच रामकृष्ण आणि विठ्ठल नांदत होते म्हणा ना! जन्म १८२२ चा, गोव्यातील पेडणे महालात मांद्रे गावी. घरची गरिबी. पोट भरण्यासाठी कुटुंब मुंबईस आले. मुलगा बुद्धीचा तल्लख. बुद्धिबळात लहान वयातच त्याचे नाव झाले. एल्फिन्स्टन विद्यालयात ते शिकले आणि पुढे तेथेच शिकवू लागले. काठेवाड व कच्छकडे जन्मत: मुली मारण्याची दुष्ट चाल होती, तिच्यावर त्यांनी निबंध लिहिला, त्यास सहाशे रुपयांचे बक्षीस मिळाले. पुढे ग्रँट वैद्यक महाविद्यालयात शिरून १८५१ साली पहिल्या तुकडीत ते डॉक्टर झाले. धंदा उत्तम चालला, पण गरिबाकडून पैसा घ्यावा असे मनात नव्हते. धाकटे बंधू नारायण दाजी हेही डॉक्टर. दोघा भावांनी मिळून धर्मार्थ दवाखाना चालविला. महारोग्याला लोक दारात उभे करीत नसत, त्या काळी देशी वनस्पतींतून त्या रोगावर औषध काढण्यासाठी भाऊ झटले.

आता त्यांचे राजकारण पाहू. १८५२ साली मुंबईत बॉम्बे असोसिएशन ही संस्था निघाली. नाना शंकरशेट तिचे आधारस्तंभ, आणि चिटणीस भाऊ दाजी. प्रजेची गाऱ्हाणी लिहून थेट विलायतेच्या पार्लमेंटाकडे अर्ज धाडण्याचे काम या मंडळींनी केले. पुढे १८६९ व १८७१ अशी दोन वेळा भाऊ मुंबईचे शेरीफ झाले. मानमरातब पुष्कळ मिळाला. पण त्या मानाचा उपयोग त्यांनी कशाला केला, हे पाहण्यासारखे आहे.

मुंबईच्या कोटात देशी कलाकुसरीच्या वस्तूंचा एक संग्रह होता. १८५७ च्या धामधुमीत लष्कराला जागा हवी झाली, आणि तो घाईघाईने हलविण्यात आला. पुष्कळ वस्तू त्यात नासल्या. दुसरा कोणी असता तर हळहळून गप्प बसला असता. डॉ. बर्डवुड, नाना शंकरशेट आणि भाऊ यांनी शहरातील धनिकांची दारे ठोठावली, वर्गणी जमविली. १८६२ साली राणीच्या बागेत पदार्थसंग्रहालयाच्या इमारतीचा पाया घातला गेला आणि १८७२ साली ते लोकांना खुले झाले. त्याच वास्तूला १९७५ साली भाऊ दाजींचे नाव देण्यात आले. आपण गेल्यावर शंभर वर्षांनी आपले नाव दारावर लागेल, हे भाऊंच्या स्वप्नातही नसेल.

पण त्यांचा जीव खरा रमला तो शिलालेखांत. रोगी पाहून झाले की रात्री ताम्रपट, नाणी, जुन्या पोथ्या. अजिंठ्याचे लेख त्यांनी स्वत: जाऊन पाहिले, आधीच्या वाचनांतले दोष काढले आणि १८६३ साली आपले वाचन विद्वानांपुढे ठेवले. कालिदास कोण, आर्यभट व वराहमिहिर केव्हा झाले, यांवरही त्यांनी लिहिले. आम्ही पाठशाळेत हे ग्रंथ घोकले. पण ग्रंथकर्त्याचा काळ विचारण्याची तेथे रीत नव्हती. भाऊंनी तो विचारला.

जुनागढला गिरनारच्या पायथ्याशी एक मोठा खडक आहे. त्यावर अशोकाच्या आज्ञा, रुद्रदामा राजाचा लेख आणि पुढे स्कंदगुप्ताच्या काळचा लेख, असे तीन काळ एकाच पाषाणावर. रुद्रदाम्याचा लेख संस्कृत गद्यात असून त्यात शके ७२ चा उल्लेख आहे. सुदर्शन नावाच्या तलावाचा बांध वादळात फुटला, तो राजाने प्रजेवर जादा कर न बसविता, वेठबिगार न लावता, स्वत:च्या खजिन्यातून पुन्हा बांधला, असे तो खडक सांगतो. तलाव गेला, राजा गेला. पण फुटलेले पुन्हा बांधणाऱ्याची आठवण पाषाणाने ठेवली. हे लेख भाऊंनी पुन्हा तपासले ते एका जुनागढच्याच तरुणाच्या साहाय्याने. त्याचे नाव भगवानलाल इंद्रजी. इंग्रजी शाळेचा शिक्का नसलेल्या या पोरातला गुण भाऊंनी ओळखला, त्याला मुंबईस आणले आणि आपल्या पदरच्या खर्चाने लेखांचे ठसे घेण्यासाठी देशभर हिंडविले, थेट नेपाळपर्यंत!

मध्यंतरी संकट आले. अमेरिकेतील युद्धामुळे मुंबईत कापसाचा पैसा वाहू लागला होता. १८६५ साली तो फुगा फुटला आणि शेअरांच्या त्या पुरात भाऊंची कमाई वाहून गेली. पुढे अर्धांगवायूने अंथरूण धरले. भगवानलाल दूरच्या प्रवासात होते, त्याच काळात भाऊंचे दुखणे बळावले आणि ३१ मे १८७४ रोजी त्यांनी देह ठेवला. वय अवघे एक्कावन्न.

पैसा गेला, देह गेला. मग राहिले काय? त्यांच्या पोथ्यांचा संग्रह मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला. आणि राहिला तो शिष्य. नाणेघाटातले सातवाहनांचे लेख भगवानलालांनी वाचले. १८८२ साली नालासोपाऱ्याचा स्तूप उजेडात आणला. आपल्या संप्रदायात परंपरेला मोल का, हे येथे कळते. विद्या पेटीत ठेवून टिकत नाही. ती दुसऱ्याच्या हाती द्यावी लागते.

भाऊ काही माळकरी नव्हते आणि आम्ही त्यांच्या गळ्यात माळ घालू पाहत नाही. पण देवळातल्या शिळेवर ज्याने आपली गाय, आपले सोने, आपला दाम देवाला वाहिला, त्याचे नाव पुसू न देणे हीही देवाचीच सेवा नव्हे काय? गावोगाव जीर्णोद्धार निघतात. भाविक हौसेने जुन्या भिंतीला तैलरंग फासतात, लेखाचा दगड पायरीला लावतात, वीरगळ उलथे टाकतात. मन शुद्ध असते, हात मात्र घात करतो. तेव्हा वारकरी बंधूंनो, एवढे करा. देवळाचे काम काढाल तेव्हा आधी प्रत्येक दगड पाहा. अक्षर दिसले तर रंग थांबवा, घासू नका, जाणत्याला दाखवा. आणि पंढरीला चौऱ्याऐंशीच्या शिळेपाशी जाल तेव्हा पाठ न लावता हात जोडा. फेरा चुकविणारा पांडुरंग आत विटेवर उभा आहेच.