बी कोणत्या उंचीवरचे?

मी कॉलेजात नाव घातले त्या दिवशी गावच्या पारावर एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी माझ्या वडिलांना ऐकवले, की खाण तशी माती. नांगरामागे चालणाऱ्यांची पोरे पुस्तकामागे किती चालणार? वडील काहीच बोलले नाहीत. माझ्या मनात मात्र तो बोल रुतून बसला. पुढे ग्रंथालयातल्या एका पुस्तकात सर जोसेफ डाल्टन हूकर यांचे चरित्र हाती आले आणि मी ते अधाशासारखे वाचले. बीजात काय असते आणि काय नसते, हा माझाच प्रश्न त्यात होता.

हूकर यांचा जन्म ३० जून १८१७ रोजी इंग्लंडमधील हेल्सवर्थ येथे झाला. वडील ग्लासगोला वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. लहानगा जोसेफ त्यांच्या व्याख्यानांना जाऊन बसे. खाण तशी माती ही म्हण त्यांना मोठ्या मानाने लागू पडली असे म्हणायला हरकत नाही! १८३९ मध्ये वैद्यकीची पदवी घेऊन ते त्याच वर्षी एरेबस जहाजावरून दक्षिण ध्रुवाकडच्या मोहिमेवर गेले. १८४३ मध्ये परतल्यावर त्यांचा चार्ल्स डार्विनशी स्नेह जडला. सजीवांच्या जाती कायमच्या ठरलेल्या नसाव्यात, ही आपली धाडसी शंका डार्विनने जानेवारी १८४४ मध्ये पत्राने हूकरना कळवली.

१८४८ मध्ये हूकर दार्जिलिंगला आले. त्या ऑक्टोबरात ते पूर्व नेपाळकडे निघाले तेव्हा त्यांच्या तांड्यात ५६ माणसे होती. तळाच्या दऱ्यांत साल आणि केळी, वर ओक व मॅग्नोलिया, त्याहून वर सूचिपर्णी वृक्ष आणि शेवटी बर्फाच्या कडेला ऱ्होडोडेंड्रॉनची खुरटी झुडपे. चढणाऱ्या वाटेवर जणू एकेक ऋतू मागे पडत होता. हूकर जागोजाग तापमान व उंची मोजत आणि बिया गोळा करीत. १८४९ मध्ये ते अठरा हजार फुटांहून उंच अशा डोंक्या खिंडीपर्यंत पोहोचले. त्याच वर्षी नोव्हेंबरात सिक्कीमच्या दिवाणाने त्यांना व दार्जिलिंगचे अधिकारी कॅम्पबेल यांना अटकेत ठेवले. डिसेंबरात सुटका झाली. पुढे या निमित्ताने कंपनी सरकारने सिक्कीमचा तराईचा मुलूख बळकावला. ऱ्होडोडेंड्रॉनच्या नव्या जातींना गव्हर्नर जनरलच्या पत्नीचे व स्नेही अधिकाऱ्यांचे नाव मिळाले. पाठीवर ओझी वाहून नेणाऱ्या लेपचा-भोटियांचे नाव मात्र त्या फुलांना नाही. हे वाचताना मला वाईट वाटले, ते लपवीत नाही.

आता मुख्य गोष्ट. या बियांची रोपे इंग्लंडमध्ये वाढवली तेव्हा असे आढळले, की एकाच जातीच्या पाइन व ऱ्होडोडेंड्रॉनची रोपे सारखी थंडी सोसत नाहीत. वेगवेगळ्या उंचीवरच्या बियांची थंडी सोसण्याची ताकद वेगवेगळी होती. जात एकच, देशही आता एकच. तरी फरक होता, म्हणजे तो बीजातच असला पाहिजे. डार्विनने १८५९ च्या आपल्या ग्रंथात हे निरीक्षण हूकर यांच्या नावानिशी नमूद केले.

त्यामागचे कारण आज अधिक स्पष्ट झाले आहे. झाड थंडी शिकून घेऊन ती विद्या बियांना देते, असे हे मुख्यतः नसते. एका रानात हजारो रोपे उगवतात. त्यांत जन्मतःच बारीक फरक असतात. कोणाच्या कळ्या लवकर मिटतात, कोणाच्या उशिरा. कडाक्यात काही मरतात, उरतात त्यांचेच बी पुढे पडते. हे एका जनुकाचे काम नव्हे, अनेक जनुकांतल्या लहान लहान फरकांची ती बेरीज असते. तिला पिढ्या लागतात आणि झाडाची एक पिढी कित्येक दशकांची. आज पृथ्वी त्याहून वेगाने तापते आहे, म्हणून कॅनडातील ब्रिटिश कोलंबियासारख्या प्रांतात लागवडीसाठी अधिक उबदार जागेचे बी निवडू लागले आहेत. हूकरनी पाहिलेला फरक असा आज उपयोगी पडतो आहे.

हूकर १८६५ पासून वीस वर्षे क्यू उद्यानाचे संचालक होते. हिंदुस्थानच्या वनस्पतींवरचा सात खंडांचा ग्रंथ त्यांनी १८९७ मध्ये पुरा केला. १० डिसेंबर १९११ रोजी, ९४ व्या वर्षी ते निवर्तले.

सुट्टीत हे सारे मी वडिलांना सांगितले. ते म्हणाले, यात नवल ते काय? ज्या साली पाऊस दगा देतो, त्या साली ज्या ताटांनी कणीस धरले तीच आपण बियाण्याला ठेवतो. आणि एका शेतातली सगळी ताटे कधी सारखी नसतात. मी गप्प झालो. वडिलांना सही करण्यापुरतेच अक्षर येते, आणि हूकरनी हिमालय चढून जे पाहिले, ते ते आमच्या वावरात दरसाल पाहत होते.

पारावरच्या त्या गृहस्थांचा मला आता राग नाही. खाण तशी माती, हे मला कबूल आहे. फक्त आमच्या खाणीत काय आहे, ते त्यांनी कधी नीट पाहिले नव्हते. मीही पाहिले नव्हते.