तुकोबांच्या वाणीचे लेखक : श्री संताजी महाराज जगनाडे

आज फाल्गुन वद्य द्वितीया, तुकाराम बीज. शके १५७१ मध्ये, म्हणजे इ. स. १६५० साली, याच तिथीस तुकोबाराय वैकुंठवासी झाले. तळवड्याहून देहूकडे जाणारी वाट आता कारखान्यांमधून जाते. तरी बीजेला वारकऱ्यांची पावले तिच्यावरून देहूकडेच वळतात. अशा दिवशी तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी एकाचे स्मरण करणे अगत्याचे वाटते. ते चाकणचे श्री संताजी जगनाडे.

त्यांचा जन्म इ. स. १६२४ चा. पिता विठोबा, माता मथुबाई. घर तेल्याचे, दारी घाणा. व्यवसायाच्या हिशेबापुरते लेखन-वाचन त्यांना अवगत होते. पुढे तेच हात परमार्थाच्या कामी आले, हा योग विलक्षणच म्हणावयाचा!

चाकणास तुकोबांचे कीर्तन झाले आणि तरुण संताजींचे चित्त संसारावरून उडाले. घरदार सोडण्याची त्यांची सिद्धता झाली. परंतु प्रपंचात राहूनही हरिभजन घडते, असे समजावून तुकोबांनी त्यांना परत घाण्यावर धाडले, असे सांप्रदायिक सांगतात. घाणा सुटला नाही. उलट तोच त्यांच्या अभंगांत रूपक होऊन आला.

तुकोबा कीर्तनास उभे राहिले की अभंग स्फुरत आणि संताजी ते उतरून घेत. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्या गेल्या व तेराव्या दिवशी कोरड्या वर आल्या, ही कथा सर्वश्रुत आहे. संताजींच्या हातच्या वह्यांची कथा मात्र फारशी कोणी सांगत नाही. महाराष्ट्र-सारस्वतकार वि. ल. भावे यांनी त्या वह्यांच्या आधारे तुकोबांचा गाथा प्रसिद्ध केला. आम्ही कीर्तनकार नित्य तुकोबांचे अभंग निरूपणास घेतो. लिहिणाऱ्या हाताचे नाव कितीदा घेतो? हा दोष प्रथम माझाच आहे.

तुकोबांमागून संताजी पुष्कळ वर्षे होते. त्यांचे पुत्र बाळाजी यांनीही अभंगलेखन पुढे चालविले. संताजींची समाधी मावळातील सुदुंबरे येथे आहे; मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीस तेथे पुण्यतिथीचा उत्सव भरतो. परंपरा अशी की, अखेरच्या समयी देहावर कितीही माती लोटली तरी मुख काही झाकेना. मग रात्री वैकुंठाहून तुकोबा आले आणि त्यांनी तीन मुठी माती घातली. तेव्हा मुख झाकले.