पहिला नांगर खपेपर्यंत

माल चांगला असला की गिऱ्हाईक आपल्या पायांनी दुकानात येते, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. बँकेच्या नोकरीत जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांत लघुउद्योगांची कर्जप्रकरणे पाहताना ती मला जवळजवळ रोज भेटत असे. अर्जाला यंत्रसामग्रीची यादी जोडलेली असे, दरपत्रके असत, शेडचा नकाशा असे, कच्चा माल कुठून येणार याचा तपशील असे. प्लास्टिकच्या चटया करणारा असो, डाळ मिल काढणारा असो की पाईपचा कारखाना टाकणारा, इथपर्यंतचे काम चोख असायचे. विक्री कशी करणार, या रकान्यात मात्र चारच शब्द: मालाला बाजारात भरपूर मागणी. ही मागणी करणारा माणूस कोणत्या गावचा, आज तो माल कोणाकडून घेतो आणि उद्या त्याला सोडून तुमच्याकडे का येईल, असे विचारले की अर्जदार तरुण वडिलांकडे पाही आणि वडील छताच्या पंख्याकडे.

अशा वेळी मला लक्ष्मणराव किर्लोस्कर हटकून आठवत. मोठे कारखानदार म्हणून त्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. परंतु कारखाना मोठा होण्याआधी त्यांनी जी वस्तू कोणालाच नको होती ती विकून दाखवली, ही गोष्ट सत्कारसमारंभांतल्या भाषणांत सहसा येत नाही. छोट्या धंदेवाल्याच्या उपयोगाची आहे ती तीच.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा. गाव बेळगाव जिल्ह्यातले गुर्लहोसूर. संगीत रंगभूमीचे अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले तेही याच गावी. एवढ्याशा खेड्याने महाराष्ट्राला नाटकही दिले आणि नांगरही! लक्ष्मणरावांचा ओढा चित्रकलेकडे होता, म्हणून ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे लक्षात आले की त्यांना काही रंगांतला फरक नीट कळत नाही. चित्रकाराच्या आयुष्यात याहून मोठा घाव कोणता? पण रंगांशिवायही चित्र असते, ते यंत्राचे. त्यांनी यांत्रिक रेखाटनाचा अभ्यास केला आणि मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते तो विषय शिकवू लागले.

सायकल ही तेव्हा मुंबईतही नवलाची चीज होती. लक्ष्मणरावांनी ती पाहिली, मिळवली, शिकून घेतली आणि मग त्यांच्या मनात आले की ही बेळगावात का विकू नये? १८८८ साली बेळगावात किर्लोस्कर बंधूंच्या नावाने धंदा सुरू झाला. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली धाडत आणि थोरले बंधू रामूअण्णा त्या बेळगावात विकत. इथे जरा थांबण्यासारखे आहे. ज्या गावात सायकल चालवता येणारा माणूसच नाही, तिथे सायकल घेणार कोण? धोतराचा काष्टा साखळीत अडकेल, चारचौघांत पडलो तर हसे होईल, हाडे मोडतील, अशा नाना शंका गिऱ्हाइकाच्या मनात असणार. रामूअण्णांनी केले काय, तर लोकांना सायकल चालवायलाच शिकवले. विकत घेणाऱ्याची धाकधूक गेली आणि ज्याच्या मनातही नव्हते त्याला, एकदा तोल सावरता आल्यावर, सायकल हवीशी वाटू लागली. गिऱ्हाईक नसलेल्या गावात गिऱ्हाईक तयार करण्याचा हा मार्ग. यासाठी एका पैशाचीही छापील जाहिरात लागली नव्हती, लागला तो संध्याकाळचा वेळ आणि पडणाऱ्याला सावरणारा हात.

मुंबईची नोकरी मात्र टिकली नाही. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांचा हक्क डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि १८९७ च्या सुमारास ते बायकोसह बेळगावला परतले. पगाराची नोकरी सोडून धंद्यात पडणारा माणूस घरच्यांच्या उरात धडकी भरवतो. राधाबाईंचे मन त्या दिवसांत काय म्हणत असेल, याची कल्पना आमच्या पिढीतल्या गृहिणी सहज करू शकतील.

बेळगावात त्यांनी आधी कडबा कापायचे यंत्र केले. अख्खा कडबा गुरांपुढे टाकला की बराचसा पायदळी जातो, बारीक कापून घातला तर तोच जास्त दिवस पुरतो, हे शेतकऱ्याला डोळ्यांनी दिसते. फायदा दिसत असला की विकणाऱ्याचे निम्मे काम होते. खरी परीक्षा पुढे होती. १९०३ च्या सुमारास त्यांनी लोखंडी नांगर तयार केला.

खान्देशातल्या वाचकांना काळ्या जमिनीविषयी मी काय सांगावे! तापीकाठची ती कपाशीची जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसात पाय धरून ठेवते आणि एकदा का कुंदा किंवा हरळी माजली की लाकडी नांगराला दाद देत नाही. लाकडी नांगर माती फोडतो, पण तिची कूस बदलत नाही. लोखंडी नांगर ढेकूळ उचलून पालथे घालतो, खालची माती वर येते, तणाची मुळे उन्हाला लागतात. विलायती लोखंडी नांगरांचे नमुने लक्ष्मणरावांच्या समोर होते. त्यांनी आपल्या शेतकऱ्यासाठी तो इथे घडवला. वस्तू उत्तम, उपयोग उघड. आणि घ्यायला कोणीही तयार नाही! लोखंड जमिनीत गेले की जमिनीला विष बाधते, अशी शेतकऱ्यांची ठाम समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली.

दोन वर्षे हे शब्द लिहायला सोपे आहेत. ज्यांनी दुकान चालवले आहे त्यांनी मनाशी हिशेब करून पाहावा. तयार माल पडून आहे, त्यात पैसा अडकला आहे, कारागिराला आठवड्याचा पगार द्यायचा आहे, लोखंड आणि कोळसा उधारीवर आणायचा तर व्यापारी आधी मागची बाकी मागतो. माझ्यासारखा बँकवाला असता तर दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस त्याने फाइलवर लाल शाईने शेरा मारला असता. लक्ष्मणराव तगले, याचे एक कारण म्हणजे त्यांचा सगळा संसार एका नांगरावर टांगलेला नव्हता. हाताशी दुसरा माल होता. आपल्याकडचे किती तरुण पहिल्याच वस्तूत घर, शेत आणि आईच्या पाटल्या एकदम घालतात!

शेतकऱ्याच्या त्या समजुतीला हसणे सोपे आहे. मी खेड्यांत पुष्कळ हिंडलो आहे आणि मला तसे हसू येत नाही. शहरातल्या माणसाने चुकीचा पंखा घेतला तर एक उन्हाळा घाम पुसावा लागतो. कोरडवाहू शेतकऱ्याने चुकीची नांगरट केली तर त्याचे वर्ष जाते, त्या वर्षात ठरलेले मुलीचे लग्न जाते आणि सावकाराच्या वहीत आकडा वाढतो. विषाची गोष्ट ही त्या भीतीला दिलेले नाव होते. गिऱ्हाईक नको म्हणतो तेव्हा ते नेमके कशाला नको म्हणतो, हे जो ओळखतो त्यालाच विक्री जमते. या शंकेला वादविवादात उत्तर नसते. शेजाऱ्याच्या रानातले पीक हेच उत्तर. म्हणून पहिल्या नांगराला दोन वर्षे लागली, पण ज्या रानांत तो चालला त्यांच्या बांधावरून लोक पाहू लागले आणि पुढची मागणी त्यातून आली.

हीच गोष्ट आपल्या डोळ्यांदेखत जळगावात पुन्हा घडली. भवरलाल जैन यांनी १९६३ साली सात हजार रुपयांच्या घरच्या पुंजीवर रॉकेल विकण्यापासून सुरुवात केली होती. पुढे त्यांनी ठिबक सिंचन आणले तेव्हा पाटाने पाणी भरण्याची सवय असलेल्या केळीवाल्यांना थेंबाथेंबाने केळी पोसेल हे पटेना. तेही बोलून पटले नाही, शेतात दाखवावे लागले. भवरलालजी २०१६ साली गेले. रावेर-यावलच्या केळीबागांत आज नळ्या दिसतात, त्यांच्यामागे हे दाखवणे आहे.

असो. नांगराचे दिवस पालटू लागले तोच बेळगाव नगरपालिकेने शहराच्या वाढीसाठी कारखान्याची जागा सोडायला सांगितले. जमू लागलेला संसार पुन्हा उचलायचा! त्या वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले. कुंडल रोड रेल्वे स्टेशनाजवळची जमीन त्यांनी देऊ केली. बत्तीस एकर, निवडुंग माजलेला आणि सापांचा सुळसुळाट. १० मार्च १९१० रोजी तिथे वसाहत सुरू झाली. बरोबर पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे होती. तिथे अस्पृश्यता पाळायची नाही, दारूला थारा द्यायचा नाही, असे नियम होते. जमीन वैराण होती हे सगळे सांगतात. ती रेल्वेच्या रुळांलगत होती, हे मी अधोरेखित करीन. नांगर जड, गिऱ्हाईक लांब. बैलगाडीने स्टेशन गाठण्यात नफा झिजतो. आमच्याकडे स्वस्त प्लॉट मिळाला म्हणून रस्ता नसलेल्या जागी शेड बांधून बसलेले उद्योजक मी पाहिले आहेत.

पहिल्या महायुद्धात विलायती मालाची आवक आटली आणि देशी नांगराला मागणी आली. त्याच वेळी लोखंड-कोळशाची टंचाई झाली, तीही त्यांनी निभावली. हा भाग इतिहासकारांनी पुष्कळ लिहिला आहे, म्हणून मी तो ओलांडून १९२० सालाकडे येतो.

त्या वर्षी किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली आणि त्याच वर्षी किर्लोस्करवाडीतून ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे पत्र निघाले. ते चालवणारे शंकरराव, म्हणजेच शं. वा. किर्लोस्कर, हे लक्ष्मणरावांचे पुतणे. हातात चित्रकाराची कला आणि डोक्यात कारखान्याची जाहिरात. मूळ हेतू सरळ व्यापारी होता: कारखान्याची आणि मालाची माहिती गिऱ्हाइकापर्यंत पोहोचवायची. पण नुसते नांगराचे गुणगान दर महिन्याला कोण वाचणार? म्हणून त्यात हळूहळू इतर मजकूर आला, गोष्टी आल्या, चित्रे आली, समाजसुधारणेवरचे लेख आले. बघता बघता खबर मागे पडली आणि ‘किर्लोस्कर’ हे मराठीतले मोठे मासिक उभे राहिले. १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ यांची भर पडली.

खबर काढण्यामागची ही अक्कल मला फार मोठी वाटते. जाहिरातीचा कागद पुड्या बांधायला जातो. वाचनीय अंक घरात राहतो, शेजारी जातो, सुट्टीत आलेली मुलगी सासरी घेऊन जाते. आमच्या लहानपणी खान्देशात ज्या घरांत ही मासिके येत, त्यांतल्या अनेकांची शेती नव्हती, की नांगराशी संबंध नव्हता. त्या घरांतही किर्लोस्कर म्हटले की काहीतरी भरवशाचे, हा भाव रुजला. नंतर त्या घरातल्या कोणाला इंजिन किंवा पंप घ्यायची वेळ आली, तेव्हा दुकानदाराला फार बोलावे लागले नसेल. हल्ली कोणी तरुण मला जाहिरातीला किती पैसे ठेवावेत असे विचारतो, तेव्हा मी त्याला उलट विचारतो की तुझ्या गिऱ्हाइकाला उपयोगी पडेल असे, मालाखेरीज, तू काय सांगू शकतोस? डाळ मिलवाल्याने तूरडाळ पावसाळ्यात कशी साठवावी एवढे चिठ्ठीवर छापून पोत्यात टाकले तरी सुरुवात झाली. धुळ्याच्या एका मिरची-मसालेवाल्याने तसे केले होते. चिठ्ठी त्याच्या बायकोने लिहिली होती आणि म्हणूनच ती बायकांनी वाचली.

नांगरापाठोपाठ उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रे आणि १९२६ साली पंप असा माल वाडीतून बाहेर पडू लागला. यात एक सूत्र दिसते. गिऱ्हाईक तेच, शेतकरी. त्याने नांगरट केली, मग त्याला पाणी लागले, मग निघालेल्या पिकाचे काहीतरी करायचे होते. ओळखीच्या माणसाला पुढची वस्तू विकणे, अनोळखी माणसाला पहिली विकण्यापेक्षा किती स्वस्त पडते, याचा हिशेब आमच्याकडचे दुकानदार अजूनही मांडत नाहीत. नवे गिऱ्हाईक धरायला धावतात आणि जुन्याची साधी विचारपूस करत नाहीत.

पुढची पिढी, लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव आणि त्यांची भावंडे, यांनी हा व्याप हरिहर, बंगळूर, पुणे असा पसरवला. म्हातारपणी लक्ष्मणरावांच्या वाट्याला एक दारुण गोष्टही आली. १९४८ साली गांधीहत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीला आग लावण्यात आली. निवडुंग उपटून वसवलेले गाव त्यांनी जळताना पाहिले. कारखाना पुन्हा उभा राहिला आणि तिथून माल पूर्वीसारखाच रेल्वेने जाऊ लागला.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. १९६९ साली, त्यांच्या जन्मशताब्दीला, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. कुंडल रोड हे त्या स्टेशनाचे नावही केव्हाच मागे पडले. फलाटावरच्या पाटीवर आता किर्लोस्करवाडी असे लिहिलेले असते.